अरेथा फ्रँकलिन यांचे गाणे भजन गाणाऱ्यांनी कसे ऐकावे?

तुळशीवृंदावन (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. मी एका लहान गावात राहते आणि आमच्या महिला भजनी मंडळात गेली बावीस वर्षे मागे म्हणणाऱ्या बायांमध्ये बसते. मला गाण्याचे शास्त्र येत नाही, इंग्रजीही येत नाही, त्यामुळे प्रश्न कसा विचारावा याचाच आधी बराच विचार केला.

कापसाची शेवटची वेचणी आटोपली त्या आठवड्यात माझा भाचा पुण्याहून आला होता. रात्री ओसरीवर बसलो असताना त्याने मोबाईलवर अरेथा फ्रँकलिन नावाच्या अमेरिकेतील गायिकेचे ‘अमेझिंग ग्रेस’ हे गाणे लावले. ते जवळजवळ अकरा मिनिटांचे आहे. त्या बाई एकेका अक्षरावर इतका वेळ थांबतात की शब्द पुढे सरकतो की नाही अशी धाकधूक लागते, आणि ऐकणारे लोक मध्येच त्यांना हाका मारतात, टाळ्या देतात, एखादा तर ओरडतोच. आमच्याकडे सप्ताहाच्या शेवटच्या रात्री, काल्याच्या आधी, गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला जसे वेगळे करता येत नाही, अगदी तसेच ते मला वाटले. शब्द एकही कळला नाही आणि तरी माझ्या डोळ्यांत पाणी आले.

भाच्याने सांगितले की या बाईंना ‘सोल’ गाण्याची, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यातून निघालेल्या लौकिक गाण्याची, राणी म्हणतात आणि त्यांची बाकीची प्रसिद्ध गाणी देवाची नाहीत, प्रेमाची आणि संसाराची आहेत. हे ऐकल्यापासून माझ्या मनात एक गोष्ट घोळते आहे. आमच्या मंडळात एकोणीस वर्षांची एक मुलगी आहे, तिचा गळा फार चांगला आहे. तिला लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गायला बोलावणे आले आहे आणि मंडळातील वडीलधाऱ्या बायांचे म्हणणे असे की देवापुढे गाणारा गळा पैशासाठी मांडवात नेऊ नये. मला त्यांचे मन मोडवत नाही आणि मुलीला अडवावेसेही वाटत नाही. या अरेथाबाईंच्या वाट्याला असे काही आले होते काय? त्या देवळातून बाहेर कशा पडल्या? आणि ज्याला भाषा येत नाही त्याने त्यांचे गाणे कोठून ऐकायला सुरुवात करावी?

पेटीमास्तर (आर्वी, जि. वर्धा)

ताई, तुम्ही विचारलेला प्रश्न अरेथाबाईंच्या सगळ्या आयुष्याच्या मुळाशी आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी शाळेत संगीत शिकवत होतो आणि निवृत्तीनंतरची अनेक वर्षे याच आवाजाच्या संगतीत घालवली आहेत.

त्यांचा जन्म 25 मार्च 1942 रोजी मेम्फिस या शहरात झाला, पण त्या वाढल्या डेट्रॉइटमध्ये. वडील सी. एल. फ्रँकलिन हे तेथील न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक होते. त्यांना नुसते उपदेशक म्हणून चालणार नाही. आपल्याकडचा पट्टीचा कीर्तनकार डोळ्यांसमोर आणा. मिसिसिपीच्या कापसाच्या मुलखात, बटईने शेती करणाऱ्यांच्या घरात त्यांचे बालपण गेले होते. प्रवचनाला बसले की आधी साधे निरूपण, मग आवाज चढत जायचा, वाक्यांना लय यायची आणि शेवटी बोलणे कोठे संपले व गाणे कोठे सुरू झाले हे समजायचे नाही. त्यांच्या प्रवचनांच्या ध्वनिमुद्रिका निघत आणि देशभर विकल्या जात. अरेथाबाईंच्या कानावर पहिल्यापासून हे पडले. त्यांच्या गाण्यात मध्येच बोलल्यासारखी ओळ येते आणि तिचा पुन्हा सूर होतो, ती गोष्ट बापाकडून आलेली आहे असे मी समजतो.

आई वेगळ्या राहत होत्या आणि अरेथाबाई दहा वर्षांच्या होण्याआधीच, 1952 मध्ये, त्या वारल्या. घरी मात्र मोठमोठ्या गायकांचा राबता होता. महालिया जॅक्सन येत, क्लारा वॉर्ड येत, जेम्स क्लीव्हलँड तर चर्चच्या संगीताची बाजू सांभाळत आणि मुलीला पियानोवरची खुबी दाखवत. पियानो त्या कानानेच शिकल्या. नात्यातील एका स्त्रीच्या अंत्यविधीत क्लारा वॉर्ड गात असताना भावनेच्या भरात त्यांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर फेकली आणि ते पाहून आपण गायिकाच व्हायचे असे लहान अरेथाने ठरवले, ही आठवण त्या स्वतः पुढे सांगत असत. 1956 मध्ये, चौदाव्या वर्षी, वडिलांच्याच चर्चमध्ये त्यांची पहिली भक्तिगीते ध्वनिमुद्रित झाली. हे सारे सुखाचे बालपण होते असे मात्र समजू नये. पहिले मूल झाले तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या आणि मुलांचे करायला घरात आजी होती. त्या आवाजातील दुःखाला वयाच्या मानाने फार लवकर पक्वता आली ती उगीच नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. देवाचे गाणे सोडून लौकिक गाणे गावे की नाही, हा वाद तेव्हाच्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये फार कडवा होता. महालिया जॅक्सन यांनी आयुष्यभर लौकिक गाणे गाण्यास नकार दिला. उलट सॅम कुक हे भक्तिगीतांच्या नामांकित चमूतील तरुण गायक 1957 मध्ये प्रेमगीतांकडे वळले आणि त्यांच्या कितीतरी जुन्या श्रोत्यांना ते रुचले नाही. अरेथाबाईंपुढे ही दोन्ही उदाहरणे होती. त्यांनी कुक यांची वाट धरली आणि वडिलांनी त्यांना अडवले नाही, उलट पाठबळ दिले. 1960 मध्ये, अठराव्या वर्षी, त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया कंपनीकडे गेल्या. तेथील सहा वर्षे मात्र, मला विचाराल तर, वाया गेली. कंपनीने त्यांच्यामागे गोड व्हायोलिनांचे ताफे लावले आणि चर्चमधला तो आवाज दिवाणखान्यात नेऊन बसवला.

1967 मध्ये अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलर यांनी त्यांना अलाबामातील मसल शोल्स या लहानशा गावी नेले. जानेवारी महिना होता. सुरुवातीला काही केल्या गाण्याची बैठक जमेना. मग स्पूनर ओल्डहॅम या वादकाने विजेच्या पियानोवर एक डुलणारी सुरावट काढली, बाई स्वतः पियानोवर बसल्या आणि ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’ हे गाणे तयार झाले. त्याच दिवशी तेथे दारू आणि भांडण यांनी सगळे विस्कटले, अरेथाबाई निघून गेल्या आणि पुढचे काम न्यूयॉर्कला करावे लागले. पण त्या एका गाण्यात मेख सापडली होती: त्यांना त्यांच्या पियानोवर बसू द्यावे आणि बाकीच्यांनी त्यांच्या मागे जावे. आपल्याकडेही पेटी स्वतः धरून गाणाऱ्याचे भजन आणि दुसऱ्याच्या पेटीवर गाणाऱ्याचे भजन यात फरक पडतो, तो तुम्ही अनुभवला असेल.

वैनगंगाकाठ (पवनी तालुका, जि. भंडारा)

गुरुजींनी इतके चांगले लिहिल्यावर मी फक्त एका गाण्याविषयी लिहितो, कारण त्याच्याशी माझे नाते वेगळे आहे. आमच्या वस्तीत भीमगीतांचा चमू आहे आणि 14 ऑक्टोबरच्या सुमारास आम्ही गावोगाव गातो. आमच्याकडे देवाचे गाणे आणि माणसाचे गाणे असा भेद कधी नव्हता. माणसाने माणसाला मान द्यावा हीच मागणी असलेले गाणे आम्ही तितक्याच श्रद्धेने म्हणतो. त्यामुळे मी अरेथाबाईंपर्यंत चर्चच्या दाराने पोहोचलो नाही, ‘रिस्पेक्ट’ या गाण्याच्या दाराने पोहोचलो.

हे गाणे मुळात ओटिस रेडिंग यांचे आहे. त्यांनीच लिहिले आणि 1965 मध्ये गायले. त्यात दिवसभर राबून घरी परतणारा पुरुष बायकोकडे मान मागतो. अरेथाबाईंनी 14 फेब्रुवारी 1967 रोजी तेच गाणे न्यूयॉर्कमध्ये गायले आणि मान मागणारी स्त्री झाली. शब्द फार बदललेले नाहीत, पण बोलणारे माणूस बदलल्यावर त्याच शब्दांना वेगळी धार येते. ओटिस यांच्या गाण्यात नसलेली एक गोष्ट त्यांनी घातली: गाणे मध्येच जवळजवळ थांबते आणि त्या आर, ई, एस, पी, ई, सी, टी अशी सातही अक्षरे सुटी सुटी उच्चारतात. शाळेत पाटीवर धडा गिरवून घ्यावा तसे. ज्याला हा शब्द ठाऊक नाही त्यालाही आता तो पाठ झाल्यावाचून राहणार नाही. मागे म्हणायला त्यांच्या सख्ख्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा आहेत, आणि ताई, तुम्ही मागे म्हणणाऱ्या आहात म्हणून आवर्जून सांगतो की या गाण्यात त्यांच्याकडेच लक्ष द्या. त्या नुसते पालुपद धरत नाहीत, त्या साक्ष देतात. एक बाई तक्रार सांगते आहे आणि दोघी तिच्या बाजूने उभ्या आहेत असे ते ऐकू येते.

जूनमध्ये हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच महिन्यात मॉन्टेरी येथील कार्यक्रमात ओटिस यांनी ते गाण्यापूर्वी एका मुलीने हे गाणे आपल्याकडून नेले असे हसत कबूल केले. डिसेंबरमध्ये विमान अपघातात ते गेले, वय अवघे सव्वीस होते. त्यांचे मूळ गाणेही ऐकावे, ते कमी प्रतीचे मुळीच नाही.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांची चळवळ ऐन भरात असताना हे गाणे आले, म्हणून ते नवरा-बायकोपुरते राहिले नाही. अरेथाबाईंच्या घरी ही चळवळ परकी नव्हतीच. डेट्रॉइटमध्ये जून 1963 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासह जो विराट मोर्चा निघाला, त्याच्या आयोजकांत त्यांचे वडील होते. पुढे 1970 मध्ये कृष्णवर्णीयांच्या चळवळीतील कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस तुरुंगात असताना अरेथाबाईंनी जामिनाची रक्कम भरण्याची तयारी जाहीर केली आणि हा पैसा मला माझ्या लोकांनीच मिळवून दिला आहे, म्हणून तो त्यांच्यासाठी वापरायचा आहे, अशा आशयाचे त्या बोलल्या. गाण्याच्या बिदागीकडे असेही पाहता येते, हे तुमच्या मंडळातील वडीलधाऱ्या बायांना सांगून पाहावे.

तुळशीवृंदावन

दोघांचेही मनापासून आभार. बहिणींकडे लक्ष देऊन ‘रिस्पेक्ट’ सकाळी तीनदा ऐकले आणि चौथ्यांदा मी स्वयंपाकघरात त्यांच्यासोबत म्हणत होते. एक शंका राहिली. वडिलांनी पाठबळ दिले हे समजले, पण अरेथाबाई पुन्हा देवाच्या गाण्याकडे कशा आल्या? मी ऐकलेले ‘अमेझिंग ग्रेस’ त्या लौकिक गाणी गायला लागल्यानंतरचे आहे काय?

मोहफूल (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

होय ताई, ते नंतरचे आहे, आणि म्हणूनच त्याचे मोल अधिक आहे. पण त्याआधी गुरुजींच्या एका मताशी मी असहमत आहे, ते नोंदवते. कोलंबियाकडील वर्षे वाया गेली असे सरसकट म्हणणे अन्यायाचे आहे. डायना वॉशिंग्टन या गायिका डिसेंबर 1963 मध्ये गेल्या आणि 1964 मध्ये अरेथाबाईंनी त्यांच्या स्मरणार्थ पूर्ण ध्वनिमुद्रिका गायली. ती शांत चित्ताने ऐकली तर लक्षात येते की आवाज रोखून कसा धरावा, ओळ उशिरा कशी उचलावी, हळू गाताना श्वास कसा पुरवावा, हे सारे त्या काळात घोटून तयार झाले आहे. पुढे ‘रिस्पेक्ट’मध्ये जे सुटते ते आधी बांधलेले असल्यामुळे सुटते. त्या सहा वर्षांत त्यांची गाणी फारशी खपली नाहीत हे खरे, पण खप आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता ‘अमेझिंग ग्रेस’. जानेवारी 1972 मध्ये, प्रसिद्धीच्या शिखरावर असताना, अरेथाबाईंनी ठरवले की भक्तिगीतांची ध्वनिमुद्रिका करायची आणि ती बंद स्टुडिओत नव्हे तर भरलेल्या चर्चमध्ये करायची. 13 आणि 14 तारखेच्या दोन रात्री, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील न्यू टेम्पल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये हे गाणे झाले. सोबत लहानपणी त्यांना पियानोवर मार्ग दाखवणारेच जेम्स क्लीव्हलँड आणि त्यांचा दक्षिण कॅलिफोर्नियातील गायकवृंद होता, तर ढोल, गिटार वाजवणारे अरेथाबाईंच्या लौकिक गाण्यांतील नेहमीचे साथीदार होते. म्हणजे मांडवातली साथ त्यांनी देवळात आणली, आणि कोणाला ती खटकली नाही. दुसऱ्या रात्री क्लारा वॉर्ड समोर बसल्या होत्या. वडीलही आले होते आणि बोलायला उभे राहिल्यावर त्यांनी सर्वांना सांगितले की खरे पाहता अरेथाने चर्च कधी सोडलेच नाही. तुमच्या प्रश्नाला याहून जवळचे उत्तर माझ्याकडे नाही.

या दोन रात्रींचे चित्रीकरणही झाले होते. दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांच्या चमूने पाटी वाजवून प्रसंगांची सुरुवात नोंदवली नाही, त्यामुळे आवाज आणि चित्र जुळवता येईना आणि तो चित्रपट कित्येक दशके पडून राहिला. नंतर नव्या तंत्राने जुळणी झाली, पण अरेथाबाईंनी न्यायालयात जाऊन त्याचे प्रदर्शन रोखले, आणि तो लोकांसमोर आला तो 2018 मध्ये, त्यांच्या निधनानंतर. तो जरूर पाहावा. त्यात त्या गाण्यांमधल्या वेळेत जवळजवळ काहीच बोलत नाहीत, घामाने चेहरा भिजलेला असतो आणि डोळे मिटलेले असतात. तुम्ही ऐकलेल्या गाण्यात क्लीव्हलँड यांना रडू आवरत नाही आणि ते तोंडाशी रुमाल धरून बसून राहतात.

ज्या गाण्याने हे घडते ते अठराव्या शतकातील जॉन न्यूटन यांचे आहे. ते पूर्वी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजावर कप्तान होते आणि पुढे पाद्री झाले. आपण भरकटलो होतो, दयेने सापडलो, आंधळे होतो, आता दिसते, एवढाच त्याचा भाव आहे. ज्या माणसांना अशा जहाजांतून नेले त्यांच्या वंशातील बाई ते गाते आहे, हे लक्षात ठेवून पुन्हा ऐका. शब्द कळण्याची मग फार गरज उरत नाही.

पेटीमास्तर

चंद्रपूरच्या ताईंचे म्हणणे मी मान्य करतो. डायना वॉशिंग्टन यांच्या स्मरणार्थ गायलेली ती गाणी काल रात्री मुद्दाम पुन्हा ऐकली आणि वाया गेली हा शब्द मी मागे घेतो.

आता ऐकण्याविषयी थोडे सुरांच्या अंगाने सांगतो, कारण भजन गाणाऱ्याचा कान त्यासाठी तयारच असतो. अरेथाबाई गंधारावर येतात तेव्हा पुष्कळदा तो कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, दोघांच्या मधे कोठेतरी हलत असतो. पेटीवर ती जागा नाही. पियानोवरही नाही, म्हणून तेथे कोमल गंधाराची पट्टी निसटती दाबून लगेच शुद्धावर घसरण्याची रीत आहे आणि त्यांच्या वादनात ती सतत ऐकू येते. पण गळ्याला पट्ट्यांचे बंधन नाही. गावाकडच्या जुन्या बाया जात्यावरच्या ओव्या म्हणताना नेमक्या अशाच जागा घेत, आणि मी तरुणपणी पेटी घेऊन त्यांना सुरात आणायचा प्रयत्न करीत असे. आज त्याचे मला फार वाईट वाटते. त्या सुरातच होत्या.

दुसरी गोष्ट लयीची. त्यांच्या संथ गाण्यांत चार ठोक्यांतील प्रत्येक ठोक्याचे आत तीन भाग पडलेले असतात, त्यामुळे गाणे पाळण्यासारखे झुलते. मांडीवर चार बोटे मोजत ऐकले तर ओळ समेच्या किती मागून येते ते स्पष्ट दिसते. याच्या अगदी उलट ‘चेन ऑफ फूल्स’ ऐकावे. त्यात साथीचे स्वर जवळपास बदलतच नाहीत, एकाच आधारावर सगळे गाणे उभे आहे, म्हणजे आपल्या एकतारीसारखेच. विदर्भात ज्यांनी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील खंजिरी भजन ऐकले आहे त्यांना त्याची गंमत लगेच कळेल: आधार हलत नाही, म्हणून गळ्याला आणि शब्दाला मोकळे रान मिळते. महाराजांनी त्याच खंजिरीवर ग्रामसफाई आणि व्यसनमुक्तीही गायली, तेव्हा हे देवाचे गाणे नव्हे असे त्यांना कोणी म्हटले असेल तर ते टिकले नाही.

क्रम विचाराल तर आधी ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’, मग ‘रिस्पेक्ट’, मग ‘चेन ऑफ फूल्स’, आणि त्यानंतर 1972 च्या त्या दोन रात्री एका बैठकीत. शेवटी 2015 चे वॉशिंग्टनमधील ‘नॅचरल वुमन’ पाहावे. वय त्र्याहत्तर, स्वतः पियानोवर, आणि शेवटाकडे उभ्या राहून अंगावरचा भारी कोट खाली टाकतात. मला तेव्हा क्लारा वॉर्ड यांची ती टोपी आठवली. अरेथाबाई 16 ऑगस्ट 2018 रोजी डेट्रॉइटमध्ये गेल्या.

तुळशीवृंदावन

उशिरा उत्तर देते आहे, कारण आधी ऐकून घ्यायचे होते. शनिवारी भजन आटोपल्यावर मी मंडळातील सगळ्यांना थांबवून घेतले आणि भाच्याने दिलेला लहान स्पीकर लावून ‘अमेझिंग ग्रेस’ ऐकवले. ऑर्केस्ट्राला ज्यांचा सर्वांत जास्त विरोध आहे त्या आजी भिंतीला टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटले झोप लागली. गाण्याच्या मध्यावर अरेथाबाईंनी एक सूर फार वेळ धरला आणि समोरच्या लोकांनी हाक दिली, तेव्हा आजींनी डोळे न उघडता मांडीवर थाप दिली आणि ‘वा माय’ म्हणाल्या. संपल्यावर ही बाई कोण, असे त्यांनी विचारले. कीर्तनकाराची लेक आहे, लग्नाकार्यातलीही गाणी गाते, असे मी सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी त्या मुलीला जवळ बोलावले, पुढच्या एकादशीला पहिला अभंग तू म्हण असे सांगितले, आणि ऑर्केस्ट्रातून रात्री परत घरी कोण आणून सोडणार आहे, हे विचारले.

सोडायला माझा भाऊ जाणार आहे. ‘चेन ऑफ फूल्स’ आज संध्याकाळी ऐकते, मांडीवर बोटे मोजत.